वारा पडल्यावर वाजलेल्या चात्या

ऑक्टोबरात आमच्या लालबागचा वारा मरतो. लोक म्हणतात पडतो, पण पडलेला कधीतरी उठतो. हा सरळ मरतो आणि दिवाळीपर्यंत तिरडी उचलायला कुणी येत नाही. गच्चीतल्या दोरीवरचा परकर हलत नाही. कपाळावरचा घाम भुवईत उतरतो, भुवईतून डोळ्यात, आणि ज्याच्यावर राग काढावा असं माणूस घरात नसलं की मी भांड्यांवर काढते. आता आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो. चाळ पाडून त्याच जागी ही बिल्डिंग उभी राहिली. इतक्या उंचावर वर्षभर वारा नुसता थैमान घालतो, दारं आपटतो, झाडाच्या कुंड्या लोळवतो. पण ऑक्टोबरात इथेसुद्धा त्याचा मुडदा पडतो.

समोरच्या फ्लॅटात नवीन लग्न झालेली एक मुलगी आहे. तिने परवा ग्रिलला विंड चाइम टांगलं. पितळेच्या रंगाच्या पाच नळ्या, मध्ये एक लाकडी चकती, खाली लोंबणारं पान. कशाला गं, विचारलं, तर म्हणाली, घरात पॉझिटिव्ह एनर्जी येते, आजी. म्हटलं येऊ दे बाई, जास्त झाली तर थोडी आमच्याकडे पाठव. ती हसली. मग म्हणाली, पण वाजतच नाही हो. मी हात लावून बघितलं. दोऱ्या नळीच्या अगदी मधोमध बांधलेल्या. वाजेल कसं? नुसतं ठक्क करतं.

ही वस्तू मला कळते. कशी कळते ते पुढे सांगते, आधी ती वाजते कशी ते ऐका. नळी असो की सळई, तिला फटका बसला की ती वाकते. डोळ्याला दिसत नाही, पण वाकते, परत सरळ होते, उलटी वाकते. पोट एकीकडे जातं तेव्हा दोन्ही टोकं दुसरीकडे जातात. आणि त्या सगळ्या थरथराटात दोन जागा अशा असतात की त्या हलतच नाहीत. टोकापासून आत, पाव लांबीच्या जरा अलीकडे. तिथे दोरी बांधली तर सळई मनसोक्त ओरडते. दुसरीकडे कुठे धरली तर धरणारा तिचा गळा दाबतो. आखूड सळई बारीक ओरडते, लांब सळई जाड. मधला लाकडी ठोकळा मारायचं काम करतो, खालचं पान वाऱ्याचा मार खातं आणि ठोकळ्याला ढकलतं. म्हणजे वारा पानाला मारतो, पान ठोकळ्याला ढकलतं, ठोकळा सळईला मारतो, आणि लोक खिडकीत चहा पीत म्हणतात, किती गोड. मारामारी आहे नुसती. मार बसल्याशिवाय त्यातून सूर निघत नाही.

आणि लोक टांगतात कशाला? माझं माहेर गिरगावातलं. तिथे दाराच्या तोरणाला बारक्या घंटा असायच्या, लक्ष्मीला दार कळावं म्हणून. सासरचे कोकणातले. तिकडे शेतात रॉकेलच्या डब्यात दगड टांगतात, वाऱ्याने खडखडला की वानर आणि डुकरं पळतात. कुणी काहीतरी यावं म्हणून टांगतं, कुणी काहीतरी जावं म्हणून. आमच्या दारात ती टांगली गेली याचं कारण तिसरंच होतं. घरात रिकामे हात होते.

गिरणी संपाचं पहिलं वर्ष. त्या वर्षीचा पाऊस मला आठवत नाही, पण त्यानंतरचा उकाडा आठवतो. गिरण्या थंड आणि माणसं तापलेली. रस्त्यावर सोड्याच्या बाटल्यांच्या काचा इतक्या, की बायका चपलांच्या तळातून त्या सुईने काढत बसायच्या. आज नाक्यावर बस फोडली, उद्या पोलिसांनी गल्लीत घुसून दिसेल त्याला बडवलं, परवा कामावर जाणाऱ्या कुणाला तरी गाठून त्याचं डोकं फोडलं. संध्याकाळी दिवे लावायच्या आधी आम्ही खिडकीच्या तावदानांना पुठ्ठे लावायचो. पोरं खेळ खेळायची तोसुद्धा लाठीचार्जचा. एकजण पोलीस, बाकीचे संपवाले, आणि पोलीस व्हायला कुणी तयार नसायचं म्हणून त्यावरून खरी मारामारी.

चाळीत पुरुष दुपारी घरी असण्याची आम्हा बायकांना सवय नव्हती. पाळीप्रमाणे घर रिकामं व्हायचं, भरायचं, त्यात आमचा जीव श्वास घ्यायचा. आता बारा महिने तेरा काळ सगळे घरात. एका खोलीत मी, आमचे हे, माझे सासरे आणि कडेवर सुमी, माझी लेक, तेव्हा जेमतेम बसायला लागलेली. सासूबाई गावी कापणीला गेलेल्या. हे रिंग खात्यात सूत काढणारे, संपाच्या कामात पुढे. घरी फक्त जेवायला यायचे, आणि जेवण नसलं की तेवढ्यालाही नाही.

सासऱ्यांना आम्ही तात्या म्हणायचो. तात्या साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. उभं आयुष्य साचेखात्यात गेलेलं. तिथे शेकडो साचे एकदम धडधडतात. माणूस माणसाच्या कानाशी ओरडला तरी कळत नाही. म्हणून तिथली माणसं ओठांनी बोलतात. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे, समोरच्याने तोंडाकडे बघायचं. साचेवाल्याच्या घरात सून आली की तिला आधी हे शिकावं लागतं, मग माशाचं कालवण. मी वर्षभरात शिकले. तात्या कुजबुजायला गेले की चार खोल्या पलीकडे ऐकू जाई, म्हणून घरातलं जे काही खाजगी असेल ते आम्ही ओठांनी बोलायचो.

त्यांच्या कानाचं एक वैशिष्ट्य होतं. ढोल कळायचा, ट्रक कळायचा, गिरणीचा भोंगा कळायचा. बारीक आवाज सगळे मेलेले. कुकरची शिट्टी, बांगड्या, चिमणी, काही नाही. सुमीचं रडणं त्यांना ऐकू येत नसे, दिसत असे. पण हे त्यांच्यासमोर बोलायची टाप नव्हती. म्हणायचे, माका सगळा आयकाक येता, तुमीच तोंडातल्या तोंडात बोलतास. चारचौघांत कुणी काही म्हटलं की मान डोलवायचे. छान आहे म्हटलं तरी डोलवायचे, घराला आग लागली म्हटलं तरी डोलवली असती.

तर गणपती झाल्यावर तात्यांनी यांच्या खाटेखालची पिशवी ओढली. तिच्यात रिंग खात्यातून भंगारात निघालेल्या पाच-सहा चात्या होत्या. चाती म्हणजे ज्याच्यावर सूत गुंडाळलं जातं तो पोलादी काटा, वितीपेक्षा मोठा, गुळगुळीत. तात्यांनी करवत आणली आणि कापत बसले. पोलाद ते. दिवसभर कर्रर कर्रर, अख्खी चाळ दात आवळून बसलेली. शेजारच्या खोलीतला बाबल दारात येऊन शिव्या देऊन गेला, तात्यांनी मान डोलवली. एक चाती जराशी कापली, दुसरी जास्त, तिसरी त्याहून. मग प्रत्येक चाती दोन बोटांत हलकी धरून लाटण्याने टोला द्यायचे. बोट सरकवायचे, परत टोला. जिथे धरल्यावर, लाटणं ठेवून टोकाला टेकवलेल्या बोटाला सगळ्यात जास्त वेळ मुंग्या येतात तिथे खूण. कानाने नाही, कातडीने ऐकून त्यांनी त्या बांधल्या. मध्ये बॉबिनच्या बुडाची चकती आणि खाली बिस्किटाच्या डब्याचं झाकण, सुमीला चकाकतं म्हणून आवडायचं ते.

दसऱ्याला तोरणाबरोबर ते सगळं दारात लागलं. म्हणाले, घराक येक तरी वाजणारी वस्तू होयी. लोक आले, छान वाजतंय म्हणाले, तात्यांनी मान डोलवली. आणि ते वाजायचं, देवा. बारीक, धारदार, सुई टोचावी तसं. वाऱ्याने नाही, वारा मेलेलाच होता. झाकण जरा खाली लोंबायचं, म्हणून आत-बाहेर करताना आम्ही हाताने बाजूला करायचो. तात्या उंच. त्यांचं डोकं दर वेळी झाकणाला लागायचं, आणि मग दोन मजले खाली नळापर्यंत कळायचं की तात्या बाहेर निघाले. ते त्यांना सोडून सगळ्या चाळीला माहीत होतं. त्यांना वाटायचं, बांगड्यांइतकं काहीतरी किणकिणत असेल.

माझं दूध आटलं. यात लाजायचं काय, पोटात नाही ते अंगात कुठून येणार? सुमी छाती चोखायची आणि मग रागाने डोकं आपटायची. एवढासा जीव, पण काय तो राग. मीही एकदा तिच्या पाठीत धपाटा घातला आणि मग दोघी मिळून रडलो. तात्या समोर बसलेले. त्यांना आवाज नाही आला, पण दोन तोंडं उघडी दिसली.

दुसऱ्या दिवशी ते माझ्यासमोर बसले, सुमीकडे बोट केलं आणि ओठांनी म्हणाले, "उद्यापासून गिरणीत जातंय. चेडवाक दूध होया."

मी यांच्या रिकाम्या खाटेकडे बघितलं. तेही तिकडेच बघत होते. हे रोज दुपारी गल्लीच्या तोंडाशी दहा-पंधरा जणांबरोबर बसायचे, दुसऱ्या पाळीला कामावर जाणाऱ्यांना अडवायला. अडवायला हा शब्द मी सभ्यपणे वापरते आहे. हातात काय काय असायचं ते मी बघितलं होतं. फुटीर म्हणायचे त्या माणसांना. कामावर गेलेल्याला फोडायचं, आणि त्याच्या घरातला कुणी संपात असेल तर पहिला हात त्याने टाकायचा, अशी रीत पडली होती. म्हणजे कुणी म्हणायला नको की घरच्यांना सोडलं.

मी ओठांनी म्हटलं, जाऊ नका. त्यांनी मान वळवली. साचेवाल्याने मान वळवली की बोलणं संपलं.

मग आमचं सुरू झालं. दुपारी जेवून चाळ आडवी व्हायची, उकाड्याने मेल्यासारखी पडायची. तेव्हा तात्या रिकामी बाजाराची पिशवी घेऊन मागच्या लोखंडी जिन्याने उतरायचे, बोळातून पलीकडच्या रस्त्याला. घरात सांगायचं, दादरला बहिणीकडे गेले, तिला बरं नाही. ते निघायच्या आधी मी चात्यांभोवती एक फडकं गच्च बांधायची. तात्यांनी विचारलं, हे कशाला, तर मी म्हटलं, सुमी झोपते ना, जागी होईल. दुसरं काय सांगणार होते? तुम्ही ठार बहिरे आहात आणि तुमच्या डोक्याने अख्खी चाळ जागी होते, असं? सांगून बघा एखाद्या साचेवाल्याला. त्यांनी मान डोलवली. फडकं लेकराच्या झोपेसाठी, एवढं त्यांच्या डोक्यात बसलं.

घरात दूध आलं. सुमी गपागपा प्यायची आणि मी दाराकडे पाठ करून तिला पाजायची, वास बाहेर जाईल म्हणून. चाळीत कुजबुज उठली होती की आपल्यातलाच कुणीतरी फुटला आहे. कोण ते कळत नव्हतं. बाबल जिन्यात सगळ्यांच्या पिशव्या तपासायचा. दुपारच्या त्या वेळी माणसं झोपल्याचं सोंग करून कान उघडे ठेवून पडायची.

ती दुपार मला पुसता येत नाही. नळाला पाणी उशिरा आलं म्हणून मी फडकं बांधून, सुमीला निजवून, बादली घेऊन खाली धुणं धुवायला गेले. तात्या निघायच्या आत वर यायचं होतं. अंगणात ऊन नुसतं खिळे ठोकत होतं. एक पान हलत नव्हतं. धोपाटण्याने मी चादर बडवत होते, आणि मध्येच थांबले.

वरून चात्या वाजत होत्या.

एकदा नाही, सारख्या. वारा पडलेला आणि चात्या वाजत होत्या. मी वर बघितलं. गॅलरीत एकेक डोकं उठत होतं. बाबल लुंगी सावरत उभा राहिला, मागच्या जिन्याकडे वाकला आणि दोन बोटं तोंडात घालून त्याने शिट्टी मारली. ती शिट्टीसुद्धा तात्यांना ऐकू आली नाही. ते लोखंडी जिना शांतपणे उतरत होते.

काय झालं ते मला नंतर शेजारणीने सांगितलं. मी गेल्यावर सुमी जागी झाली, रडायला लागली. तात्यांना ते दिसलं. पोर जागीच आहे, मग फडक्याचं काय काम, म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने ते सोडलं आणि तिला गंमत दाखवायला झाकण हलवलं. सुमी हसली. हसत्या पोरीला शेजारणीच्या मांडीवर देऊन ते पिशवी घेऊन निघाले, आणि निघताना त्यांचं डोकं झाकणाला लागलं.

मी धोपाटणं हातात घेऊन तशीच बोळाकडे धावले. पोचेपर्यंत दोन्ही बाजूंनी माणसं आली होती. तात्या मध्ये उभे, पिशवी छातीशी धरलेली. आमचे हे समोर. त्यांच्या हातात साच्याचाच एक दांडा होता, धोट्याला फेकणारा, कठीण लाकडाचा. तोंड पांढरं पडलेलं.

बाबल म्हणाला, "पयलो हात तुझो. बापूस तुझो हा."

यांनी बापाकडे बघितलं. बाप मुलाच्या तोंडाकडे बघत होता, काही बोलतोय का म्हणून. आणि यांनी दांडा घातला. दंडावर. तात्या वाकले नाहीत, नुसते जरा बाजूला झाले, गर्दीत वाट देतात तसे. मग बाकीचे तुटून पडले. मी आयुष्यात खूप आवाज ऐकले, पण ओल्या चादरीवर धोपाटणं पडतं तसा माणसाच्या पाठीचा आवाज होतो, हे त्या दिवशी कळलं. कुणीतरी तात्यांचा उजवा हात जिन्याच्या पायरीवर धरला. साच्यावर जातो ना हा हात, म्हणत त्याच्यावर दांडा हाणला, आणि परत हाणला. तात्यांच्या तोंडातून आवाज निघाला तो जनावरासारखा, मोठा. आयुष्यभर ज्याने ओठांनी बोलायचं ठरवलं होतं त्याचा आवाज एवढा मोठा होता.

मी घुसले. धोपाटणं उचललं आणि पहिला फटका माझ्या नवऱ्याच्या पाठीत घातला. दुसरा बाबलच्या खांद्यावर. तिसरा कुणाला लागला माहीत नाही, लागला एवढं खरं. बाईमाणूस म्हणून असेल, की माझं तोंड बघून असेल, ते मागे सरले. हे तिथेच भिंतीला टेकून उभे राहिले. मला वाटतं त्या फटक्याची त्यांना गरज होती. मला तर नक्कीच होती.

परळच्या हॉस्पिटलात हात प्लास्टरमध्ये गेला, पण बोटं जागेवर आली नाहीत. पोलिसांना तात्यांनी सांगितलं, जिन्यावरून पडलंय. तिसऱ्या दिवशी हे कॉटजवळ जाऊन उभे राहिले, मान खाली. तात्या त्यांना म्हणाले, आणि मोठ्याने म्हणाले, त्यांना हळू बोलता कुठे यायचं, "तुझो फटको हळू होतो. माका समाजला." अख्ख्या वॉर्डाने ऐकलं. हे बाहेर जाऊन जिन्यात बसून हमसाहमशी रडले.

मी पाणी पाजायला पुढे झाले तेव्हा तात्यांनी माझ्याकडे बघितलं. ओठ हलवले.

"तुकाच म्हायत होता," ते आवाज न करता म्हणाले. "घोवाची बाजू घेतलंस. बरा केलंस."

घोवाची, म्हणजे नवऱ्याची; त्यांना वाटलं, यांना मीच सांगितलं. मी ओठ हलवायला लागले, पण तात्यांनी डोळे मिटून घेतले होते. आणि त्या दिवसापासून त्यांनी माझ्या तोंडाकडे बघणं बंद केलं.

हे काय असतं ते ज्याच्या घरात साचेवाला नाही त्याला नाही कळायचं. त्यांनी मला शिवी दिली नाही. माझ्या हातचं जेवले. डावा हात पुढे करून ताट घ्यायचे, पण नजर ताटावर. मी समोर गेले की भिंतीकडे बघायचे. ओठांनी बोलणाऱ्या माणसाने तुमच्या तोंडाकडे बघायचं सोडलं की तुमची जीभच कापली जाते. ओरडून सांगावं, तर ती ओरडून सांगायची गोष्ट नव्हती. आणि सांगायचं तरी काय? तुम्हाला मी नाही पकडून दिलं, तुमच्या चात्यांनी दिलं, ज्या तुम्ही कापल्या, बांधल्या, आणि नातीला हसवायला स्वतःच्या हाताने सोडल्यात. एक हात गेलेल्या माणसाला हे सांगून दुसरा तोडायचा? मारणाऱ्या मुलाला माफी, आणि मी घरातली चुगलखोर. चोर सोडून संन्याशाला फाशी. तो राग मी चुलीवर, भांड्यांवर, यांच्यावर काढला. तात्यांवर मात्र नाही काढता आला.

चात्या मी उतरवून त्याच फडक्यात गुंडाळून माळ्यावर फेकल्या.

संप कुणी मिटवला नाही, तो विरत गेला, धुवून धुवून कापड विरतं तसा. गिरणीने यांना परत घेतलं नाही, तात्यांना घेऊन करणार काय होती? हे रात्रपाळीचे वॉचमन झाले. बाबल गावी निघून गेला. मी खानावळीच्या चपात्या लाटल्या. गिरण्यांच्या चिमण्या एकेक करून पडल्या, आणि पडताना किती धूळ उडाली ती खिडकीतून बघत आम्ही परत पुठ्ठे लावले. तात्या दारात बसायचे, सुमीला सांभाळायचे. त्यांच्या मांडीवर वाढलेली पोर, आवाज न करता बोलायला बोबड्या बोलांआधी शिकली. तिच्या तोंडाकडे ते तासन्‌तास बघत राहायचे. मी चपात्या लाटत बघायची आणि लाटणं जोरात आपटायची. त्यांना तेही ऐकू येत नसे.

आता हे नाहीत, तात्या नाहीत, सुमी तिच्या घरी ठाण्याला. चात्या माझ्याकडेच आहेत, स्वयंपाकघराच्या खिडकीत. चौदाव्या मजल्याचा वारा त्यांना जीव जाईपर्यंत बडवेल, म्हणून वर्षभर फडकं बांधून ठेवते. ऑक्टोबरात वारा मेला की सोडते. समोरची मुलगी विचारत होती, आजी, वारा नसताना सोडून काय उपयोग? तिच्या दोऱ्या नीट बांधून दिल्या आणि म्हटलं, तुझं तू बघ.

पण त्या माळ्यावरून खाली कशा आल्या ते सांगायचं राहिलं.

सुमी शाळेत जायला लागली होती. परत ऑक्टोबर, परत दिवाळीची साफसफाई, परत तो काहिलीचा उकाडा. माळ्यावरचं सगळं मी खाली काढलं आणि चादरी घेऊन नळावर गेले. धोपाटणं तेच. चादर बडवता बडवता हात वरच राहिला.

वारा नव्हता आणि वरून चात्या वाजत होत्या.

मला वर्ष, वार, काही कळेना. मी धावले. बादली लवंडली, लुगड्याचा ओचा पायात आला, जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढत मी दारात जाऊन उभी राहिले, हातात धोपाटणं वर उचललेलं.

दारात कुणी मारणारं नव्हतं. जुन्या खिळ्याला चात्या लागल्या होत्या. तात्यांनीच डाव्या हाताने टांगल्या होत्या, नातीने हट्ट केला म्हणून. सुमी लाटण्याने टोले देत होती, आणि तिने आजोबांचं उजव्या हाताचं वाकडं बोट धरून एका चातीला टेकवलं होतं. माझ्याकडे बघून ती टाळ्या पिटायला लागली. मग आजोबांकडे वळून नीट सावकाश ओठ हलवत तिने सांगितलं, बघा, आईला खाली नळावर ऐकू आलं, म्हणून ती धावत आली.

तात्या माझ्या हातातल्या धोपाटण्याकडे बघत होते. मग त्यांनी मान वर करून, डोक्यावर झुलणाऱ्या बिस्किटाच्या झाकणाकडे बघितलं. मग खाली पडलेल्या फडक्याकडे. बोट अजून चातीवर होतं, चाती अजून थरथरत असणार. "आवाज खंयपर्यंत जाता ह्येचो?" त्यांनी सुमीला विचारलं. खाली नळापर्यंत, ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू येतो, आजोबा.

त्यांनी ते बोट काढून घेतलं आणि त्या वाकड्या हाताने चाती मुठीत धरली. ती गप्प झाली.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. आवाज नव्हता.

"तू नाय गो."

मी मान हलवली. धोपाटणं खाली ठेवलं. इतक्या वर्षांचं काय काय सांगायचं होतं, शिव्यासुद्धा द्यायच्या होत्या. सुमी म्हणाली, आई, तू का रडतेस? मी तिला गप्प केलं, ओली बोटं पदराला पुसली आणि त्यांच्यासमोर बसले. तात्या माझ्या तोंडाकडे बघत होते.